बरणी क्रमांक २१२ : सापाच्या अंगावरच्या 'गाठी'

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजात दोन गोष्टी होतात. भिंतींना रंग लागतो आणि प्राणिशास्त्राच्या म्युझियममधल्या बरण्या कपाटातून खाली उतरतात. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात गेल्या जूनमध्ये हेच चाललं होतं. दीडेकशे बरण्या. निम्म्यांची लेबलं पिवळी पडून गळालेली, काहींतलं फॉर्मॅलिन इतकं आटलेलं की आतला मासा कमरेपर्यंत ओला आणि वर सुकट. लॅबमधले मामा तीन ढीग करत होते: ठेवायच्या, भरायच्या, टाकायच्या. २१२ क्रमांकाची बरणी टाकायच्या ढिगात होती.

आत वेटोळं करून बसवलेला समुद्रसाप. टाइपरायटरवर उमटवलेलं लेबल: 'एनहायड्रिना शिस्टोसा, ठाणे खाडी'. त्याखाली नंतर कुणीतरी पेनाने लिहिलेलं, 'कातडीवर गाठी. रोग?'

"याला खरूज झालीय मॅडम. प्रदर्शनात बरा नाही दिसायचा," मामा म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. सापाच्या पाठीवर आणि डाव्या कुशीवर मसुराच्या डाळीएवढे, काही त्याहून बारीक, पांढुरके चट्टे होते. मीही पहिल्या नजरेत ते बुरशीच समजले. बरणी वाचली ती एम.एस्सी. भाग दोनच्या एका विद्यार्थिनीमुळे. तिला प्रकल्पाला विषय हवा होता आणि तिने सहज विचारलं, "रोग असेल तर सगळ्या गाठी इतक्या एकसारख्या गोल कशा?"

आधी साप. आता त्याचं नाव हायड्रोफिस शिस्टोसस असं लिहितात. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात नेहमी येणारा, चोचीसारख्या तोंडाचा, जहाल विषारी. खालच्या जबड्याच्या टोकाचा खवला कट्यारीसारखा अरुंद आणि खाचेत दडलेला असतो. सुईने ओठ जरा बाजूला केला तर तो दिसला. म्हणजे जुन्या लेबलवरचं प्राण्याचं नाव बरोबर होतं. गावाचं नाव बरोबर होतं का, ते पुढे येईलच.

मग गाठी. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पहिलीच गाठ आणली तेव्हा ती विद्यार्थिनी म्हणाली, "फूल आहे! बारा पाकळ्या." मी पाहिलं, मोजल्या, मलाही बारा दिसल्या. मधे चिरेसारखं तोंड, त्यात दोन जोड्या बारीक झडपा. बार्नेकल, यात आता शंका नव्हती.

ठाण्या-वाशीच्या माणसाला बार्नेकल नवा नाही, फक्त तो त्याला नावाने ओळखत नाही. ओहोटीला खाडीपुलाच्या खांबांवर, जेट्टीच्या पायऱ्यांवर, तिवराच्या बुंध्यावर जो पांढरट, पाय सोलून काढणारा थर दिसतो त्यात कालवांच्या बरोबरीने हा असतो. शिंपल्यासारखा दिसतो, पण कूळ कोळंबी-खेकड्याचं. लिनीयसने त्याला शिंपल्यांत घातलं होतं. १८३० साली व्हॉन थॉम्पसन यांनी त्याची पोहती पिल्लं, म्हणजे डिंभ, पाहून दाखवलं की हे कवचधारी संधिपाद आहेत. डिंभ स्पर्शिकांनी जागा चाचपतो, डोक्याकडून चिकटतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि उरलेला जन्म पाय बाहेर काढून घास ओढत काढतो.

बारा पाकळ्यांनी आम्हाला दोन दिवस फिरवलं. बार्नेकलच्या कवचाच्या तबकड्या मोजणं ही ओळखीची पहिली पायरी असते: चार, सहा, आठ. बारा हा आकडा जाती ओळखायच्या कोणत्याच किल्लीत, म्हणजे तक्त्यात, बसेना. तिसऱ्या दिवशी तिने दिव्याचा झोत आडवा टाकला आणि सांधे वेगळे दिसले, खाचा वेगळ्या. खरे सांधे सहाच होते. प्रत्येक तबकडीच्या मधोमध वरून खाली एक खाच उतरलेली, त्यामुळे एकीच्या दोन पाकळ्या वाटत होत्या. नंतर वाचताना कळलं की फसलेले आम्हीच पहिले नव्हतो. डार्विनने ज्या नावाने या गटातली एक जाती लिहिली ते नावच 'बायसेक्सलोबाटा', म्हणजे दोनदा सहा पाळ्यांची.

पण सहा तबकड्यांवर काहीच ठरत नाही. आपल्या खाडीतला सगळ्यात मुबलक बार्नेकल, अँफिबॅलॅनस अँफिट्राइट, त्यालाही सहाच. आणि तो बसायला जागा निवडत बसत नाही; खांबावर बसतो, होडीच्या बुडावर बसतो, खेकड्याच्या पाठीवर आणि कासवावरही बसतो. तेव्हा 'सापावर आहे म्हणजे खाडीतला नेहमीचा नसणार' असं म्हणण्याची सोय नव्हती. विद्यार्थिनी ऐरोलीला राहते. येताना जेट्टीजवळच्या दगडावरून पाच-सहा खरवडून घेऊन आली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. खाडीतला उभट, शंकूसारखा, जांभळट उभ्या रेघांचा. सापावरचा बशीसारखा चपटा. खाडीतल्याचा तळ चुन्याचा, घट्ट. सुटताना तळाची गोल चकती दगडावरच राहते. सापावरच्याचा तळ नुसता पडदा, आणि तोही सापाच्या कातडीत रुतलेला.

हे सगळं बाहेरून पाहिलेलं. या प्राण्यांच्या बाबतीत बाहेरचं रूप दगा देतं. डार्विन १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नेकलांत बुडाला होता, संग्रहालयांकडून आणि हौशी संग्राहकांकडून पेट्याच्या पेट्या मागवून, आणि त्याचं एक रडगाणं हेच की तबकड्या सुट्या करून, स्वच्छ करून आतून पाहिल्याशिवाय जाती सांगू नये. तरी त्यालाही सगळं जमलं नाही. बॅलॅनस अँफिट्राइट या एका नावाखाली त्याने एकाहून एक वेगळे प्रकार कोंबले होते. लंडनच्या संग्रहात जपलेले त्याचेच नमुने १९६२ साली हार्डिंग यांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्या गुंत्याची उकल सुरू झाली. शंभराहून अधिक वर्षांनी, त्याच डब्यांतून.

तेव्हा आम्हीही आत शिरायचं ठरवलं. इथे माझी चूक झाली, ती सविस्तर सांगते.

बरणीतल्या सापावर सतरा बार्नेकल होते. एक काढायचा, झडपा सुट्या करायच्या आणि पातळ केलेल्या ब्लीचमध्ये मिनिटभर ठेवायच्या, म्हणजे मांस-पापुद्रे विरघळून चुन्याची झडप लख्ख उरते. रोजची पद्धत आहे, मी कित्येकदा केलेली. वॉचग्लासमध्ये चार झडपा टाकल्या. कडा धूसर झाल्या. मी म्हटलं, होतंय साफ. फोन वाजला म्हणून मान वळवली, परत पाहते तर वॉचग्लासमध्ये काही नाही. अक्षरशः काही नाही.

कारण उघड होतं, फक्त ते आधी सुचायला हवं होतं. आंबटपणा रोखणारं बफर न घातलेलं फॉर्मॅलिन वर्षानुवर्षं आंबट होत जातं. लिटमस बुडवला, निळा कागद लगेच लाल. त्या आंबट पाण्यात पडून पडून कवचातला चुना कधीच विरघळला होता. मागे उरला होता तो नुसता सेंद्रिय साचा, चुन्याच्या आकाराचा पण चुना नसलेला. मांस खाणारं ब्लीच तो साचाही खाऊन गेलं. शिल्लक सोळांपैकी एकावर व्हिनेगरचा थेंब टाकला. एक बुडबुडा नाही. सुईने दाबला तर रबरासारखा दबला.

म्हणजे बरणीत पाय, मुखांगं, अंडी हे सगळं शाबूत आणि कवच नुसतं नावाला. ज्या बार्नेकलची ओळख कवचाच्या आतल्या बाजूवर ठरते, त्यासाठी हा अगदी उलटा साठा. दोन दिवस मी त्या मुलीला तोंड दाखवलं नाही.

वाट सापडली ती रजिस्टरमध्ये. म्युझियमचं जुनं आवक-रजिस्टर निळ्या शाईत आहे. २१२ च्या खाली एक ओळ होती: '२१२-अ. तोच. कातडी, सुकी, कार्डावर.' मामांना विचारलं तर ते म्हणाले, "कार्डं ना? ती पाखरांच्या पेट्यांखाली आहेत." डांबरगोळ्यांच्या वासाची एक चपटी पेटी निघाली. त्यात ड्रॉइंग पेपरवर टाचण्यांनी ताणून बसवलेली कातड्याची पट्टी, बहुधा खवल्यांच्या ओळी मोजायच्या प्रात्यक्षिकासाठी कापलेली. तिच्यावर चार अख्खे बार्नेकल आणि कडेला एक अर्धा. व्हिनेगर लावला. फसफसला!

आता प्रश्न असा की ही पट्टी याच सापाची कशावरून? 'तोच' हा शब्द रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्याने त्याच सापासाठी लिहिला की त्याच जातीसाठी, काय सांगावं? पाय बरणीतून घ्यायचे आणि कवच कार्डावरून, तर दोन्ही एकाच प्राणिसमूहाचे आहेत हे आधी सिद्ध व्हायला हवं. नाहीतर गणपतीचं धड एकाचं आणि शीर दुसऱ्याचं, तशी गत. बरणीतल्या सापाच्या डाव्या कुशीला कातडं काढलेला एक आयत होता. तिने पट्टी मोजली, आयत मोजला. पट्टी चांगली पाच मिलिमीटर आखूड. तिचा चेहरा पडला. सुकताना कातडं आकसतं हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा लांबी सोडून खवले मोजले. सापावर अकरा ओळी गायब, कार्डावर अकरा ओळी.

आणि मग तो अर्धा. कापणाऱ्याने ब्लेड ओढलं ते एका बार्नेकलच्या मधूनच. त्याचं एक अर्ध पट्टीबरोबर कार्डावर गेलं, दुसरं सापाच्या अंगावर राहिलं, कापल्या कडेला. आम्ही ते आधी 'मोडका, निरुपयोगी' म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं. दोन्ही अर्धांचे फोटो एका मापाला आणून कडेला कड लावली. तोंडाची चीर जुळली, वाढीच्या रेषा जुळल्या. तबकड्या? एकीकडे तीन आणि एक कपचा, दुसरीकडे दोन आणि उरलेला कपचा. सहा.

ज्या कुणी विद्यार्थ्याने ते निष्काळजी ब्लेड चालवलं, त्याचे खरं तर आभारच मानायला हवेत. कारण त्या काटछेदात, एकही नवा नमुना न मोडता, कवचाची आतली बाजू उघडी पडली होती. बाहेर जिथे खाच, बरोबर तिथे आतून एक जाड बरगडी मधल्या पोकळीत शिरलेली. प्रत्येक तबकडीला एक. अँफिबॅलॅनसमध्ये असं काही नसतं. त्याच्या भिंतीच्या आत उभ्या बारीक नळ्या असतात, तळाच्या कडेला त्यांची भोकं ओळीने दिसतात. ऐरोलीचा नमुना फोडून त्या शेजारी ठेवून पाहिल्या. इथे नळ्यांऐवजी बरगड्या, चपटं कवच, पडद्याचा तळ, आणि तोंड पुरतं न झाकणाऱ्या अरुंद झडपा. जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरलं: प्लॅटिलेपास. या जीनसमधल्या कासवावरच्या प्रसिद्ध जातीचं नाव हेक्सास्टायलोस, म्हणजे सहा खांबांची. ते खांब म्हणजे याच बरगड्या.

इथवर आल्यावर पुढचं नाव जिभेवर तयारच होतं. स्कीट यांची मोहीम १८९९-१९०० मध्ये मलाया द्वीपकल्पात गेली होती. तिथल्या साठ्यावरून लँचेस्टर यांनी १९०२ साली एक जाती लिहिली, प्लॅटिलेपास ऑफिओफिला. ऑफिओफिला म्हणजे सर्पप्रिय. समुद्रसापांवरचा चपटा, छोटा, सहा बरगड्यांचा बार्नेकल. अजून काय हवं? विद्यार्थिनीने अहवालाचा मथळाही टाइप करून आणला.

मी तो परत केला. या प्रकरणात मला सांगण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे. आपण म्हणतो, 'सापावर सापडला म्हणून ऑफिओफिला'. आणि उद्या कुणी विचारलं, 'ऑफिओफिला कुठे राहतो?' तर सांगणार, 'सापावर, हे बघा ठाण्याची नोंद.' कुत्रं स्वतःची शेपूट धरायला गोल फिरतं तसं हे आहे. कासवावरची जाती एखाद्या सापावर बसली तर अशा पद्धतीने ती कधीच कुणाच्या लक्षात येणार नाही. जिथे घर त्यावरून नाव द्यायचं, तर मायक्रोस्कोप कशाला हवा?

मग यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर बार्नेकल बसतो तो प्राणी, विसरून काय उरतं ते पाहिलं. पहिली शंका: ही कासवावरच्या मोठ्या जातीची पोरं तर नसतील? लहान आकार हा जातीचा गुण नसतो, वयाचाही असू शकतो. इथे बरणी कामी आली. तीन मिलिमीटरच्या एका रबरी बार्नेकलची प्रावार-पोकळी, म्हणजे कवचाच्या आतली पोकळी, उघडली तर आत अंड्यांचे दोन पिवळे पापुद्रे, व्यवस्थित घडी घातल्यासारखे. बार्नेकल अंडी आतच सांभाळतो. म्हणजे ही पोरं नव्हेत, एवढ्याशा अंगाची वयात आलेली मंडळी. ते जुळतंही. समुद्रसाप दर दोन ते सहा आठवड्यांत कात टाकतो आणि कातेबरोबर अंगावरचं सगळं बिऱ्हाड खाली जातं. इतक्या अवधीत चिकटायचं, वाढायचं, पिल्लं सोडायची. मोठं घर बांधायला वेळच नाही. पण 'जुळतं' हा पुरावा नव्हे, हे मी तिला आणि ती मला बजावत होतो.

दुसरी शंका कागदांतून आली. आपल्याकडच्या बार्नेकलांवरचं काम तुटक आहे, पण आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या साठ्यावर अॅनंडेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं, त्याच संग्रहावर निल्सन-कँटेल यांनी १९३८ मध्ये. आणि १९५८ साली डॅनियल यांनी मद्रासच्या किनाऱ्यावरून याच जीनसची एक नवी जाती लिहिली, प्लॅटिलेपास इंडिकस. म्हणजे भारतीय पाण्यात उमेदवार एक नाही. कासवावरच्या प्लॅटिलेपासचे नमुने हाताळलेल्या एका अभ्यासकांना आम्ही काटछेदाचे, झडपांचे आणि पायांचे फोटो पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. जीनस निर्विवाद, जातीपुढे 'सीएफ' लावा.

'सीएफ' म्हणजे लॅटिनमध्ये 'ताडून पाहा'. नमुना या जातीसारखा आहे, पण शिक्का मारत नाही, असा त्याचा अर्थ. विद्यार्थिनीला ते पराभवासारखं वाटलं. विभागातल्या एका सहकाऱ्यानेही विचारलं, "समितीला काय दाखवणार, 'बहुतेक'?" मी म्हटलं, हो, तेच.

डीएनएचा मार्ग सगळ्यांनी सुचवला. बरणीतल्या फॉर्मॅलिनने तो जवळजवळ बंद केलाय. कार्डावरच्या सुक्या मांसात काही उरलं असेल तर एखादा अख्खा नमुना खर्ची घालावा लागेल. सध्या नाही. आणि ताजा साप आणून मोकळं व्हावं, तर समुद्रसाप वन्यजीव कायद्याखाली येतात. म्हणूनही या जुन्या बरणीला किंमत आहे.

राहिलं गाव. 'ठाणे खाडी' हे लेबलवर आहे, पण रजिस्टर उघडलं तर २११ ला निवटी मासा, ठिकाण 'ठाणे खाडी', २१२ च्या रकान्यात नुसती '"' अशी खूण. वरच्यासारखंच. त्या पानावर खालपर्यंत त्याच खुणा, अगदी एका प्रवाळाच्या तुकड्यापुढेही. ठाणे खाडीत प्रवाळ! लिहिणाऱ्याचा हात वाहत गेला होता एवढाच याचा अर्थ. पावसाळ्यात ठाण्याच्या टोकाला खाडीचं पाणी गोडं पडतं. बंदराच्या बाजूला ते खारं. अंडी धरलेला बार्नेकल घेऊन फिरणारा साप नेमका कुठे जाळ्यात आला, ते या खुणेवरून सांगता येत नाही.

तरी दिवाळे कोळीवाड्यात जाऊन आलो. जाळं विणत बसलेल्या एका काकांना फोटो दाखवला. "डोलीच्या जाळ्यात येतात कधी कधी," ते म्हणाले. अंगावर असे दाणे असतात का? काका हसले. "त्याचं अंग कोण बघतंय बाई? काठीनं उचलायचा नि परत पाण्यात." इतका प्रामाणिक 'माहीत नाही' मला वर्षभरात मिळाला नव्हता.

बरणीत आता फॉर्मॅलिन नाही. साप धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये आहे. 'गाठी. रोग?' लिहिलेलं जुनं लेबल फाडलं नाही, आत तसंच सोडलं आहे. त्याशेजारी नवं, शिसपेन्सिलीनं: '२१२-ब. प्लॅटिलेपास सीएफ. ऑफिओफिला. यजमान हायड्रोफिस शिस्टोसस. मुंबई-ठाणे परिसर, नेमकं ठिकाण अनिश्चित.' सतरांपैकी चौदा सापावर आहेत. एक माझ्या ब्लीचने खाल्ला, एकावर व्हिनेगर आणि सुई चालली, एकाचे पाय आणि अंडी ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर आहेत. कार्डावरच्या चारांपैकी एकाच्या झडपा सुट्या केल्या, यावेळी नुसत्या पाण्यात आणि मऊ ब्रशने. उरलेले तीन अख्खे आहेत. कासवावरचे नमुने घेऊन कुणी ताडून पाहायला आलं तर त्यांच्यासाठी.